अजून एक ॲप? आधी नावं तरी जुळवा

खिडकी नं. ३ : 'कोल्हापुरातल्या प्रत्येक कॉलेजनं स्वतःचं ॲप काढावं, पोरांचे निम्मे हाल संपतील,' ही कालची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. हाल ॲप नाही म्हणून होत नाहीत, तीच माहिती चार ठिकाणी भरावी लागते म्हणून होतात. प्रवेशाला एक फॉर्म, परीक्षेला दुसरा, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलला तिसरा, क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) जमा होतात त्या एबीसी आयडीला चौथा. पाचवं ॲप म्हणजे पाचवा पासवर्ड. चंदगडच्या पोरीचा बोनाफाईडसाठीचा एसटीचा हेलपाटा वाचला, तर सुधारणा म्हणा.

कॅम्पसवाला : पोस्ट माझीच होती. ॲप म्हणजे नुसत्या नोटिसा नव्हेत. ६० जणांची हजेरी क्यूआरवर घेतली की तासातली ५-७ मिनिटं वाचतात.

तांबडा-पांढरा : क्यूआरचा फोटो मागच्या बाकावरनं ग्रुपवर जातोय आणि रंकाळ्यावर बसलेला गडी हजर! कोड दर १५ सेकंदाला बदला, तो व्हिडिओ कॉल लावतोय. लोकेशन मागा, खोटं लोकेशन दाखवायचं ॲप फुकट मिळतंय. नाद खुळा.

खिडकी नं. ३ : हजेरी राहू द्या, नावांचं बोला. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुतेकदा शेवटी. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. चौगुल्यांचं इंग्रजी स्पेलिंग तर घरातल्या तिघांचं तीन तऱ्हेचं. एबीसीला नाव आधारवरचं, निकालाला गुणपत्रिकेवरचं. जुळलं नाही की क्रेडिट लटकली.

गंगावेशकर : मग पोरांनी आधार दुरुस्त करावं. सिस्टीमचा काय दोष?

खिडकी नं. ३ : ओ, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं! आणि ते बदललं की बँक, पॅन सगळीकडं फिरा. त्यापेक्षा सॉफ्टवेअरमध्ये नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने ठेवा. शब्दांचा क्रम न बघता जुळवा, जोडीला जन्मतारीख घ्या. तरी अडलेली नावं माणसानं बघायची, सिस्टीमनं परस्पर नाकारायची नाहीत. आणि हे प्रवेशाच्या आठवड्यात करा, निकालाच्या नव्हे.

देवनागरी हट्टी : इंग्रजी स्पेलिंगवर अडून बसल्यावर दुसरं काय होणार? नोटिसा तर अजून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये! मोबाईलवर त्याचा कचरा दिसतो म्हणून प्रिंट काढायची, स्कॅन करायची, वर पीडीएफ. त्यात शब्द शोधता येत नाही. अंध विद्यार्थ्याच्या फोनला तर ते कोरं चित्रच, वाचून काय दाखवणार?

तांबडा-पांढरा : कन्व्हर्टर हाय की.

देवनागरी हट्टी : वापरून बघा. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराआधी टाईप होते, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत, नंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. जोडाक्षर आलं की दोन्ही भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. 'वार्षिक' आणि 'आर्थिक' हे दोन शब्द नीट आले तरच बाकीच्या मजकुरावर विश्वास ठेवा.

कॅम्पसवाला : लिपिकांच्या बोटांत रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरचा कीबोर्ड, बसलाय. त्यांना बोल लावणं सोपं आहे.

देवनागरी हट्टी : बोटं बदलायला कोण सांगतंय? युनिकोडसाठी रेमिंग्टन लेआउट मिळतो. एकदा बसवायचा, संपलं. बरं, लिपिकांवर घसरलो ते चुकलं. साहेबांवर घसरायला हवं होतं.

गंगावेशकर : मूळ विषय विद्यार्थ्यांचा होता ना? लेक्चरचे व्हिडिओ टाका, ते जास्त उपयोगी.

खिडकी नं. ३ : गगनबावड्याच्या रेंजवर? ४५ मिनिटांचा नुसता आवाज ३२ केबीपीएसला साधारण ११ एमबी होतो. सोबत स्लाइडची पीडीएफ वेगळी द्या, कुठल्या मिनिटाला कुठली स्लाइड ते पहिल्या पानावर लिहा. व्हिडिओ फक्त प्रात्यक्षिकाला.

गंगावेशकर : गणिताला आवाज काय कामाचा? फळा दिसायला नको?

खिडकी नं. ३ : बरं, गणिताला व्हिडिओ. जिंकलात.

कॅम्पसवाला : थोडक्यात, ॲप सोडून सगळं पाहिजे. मग हे ठेवायचं कुठं?

तांबडा-पांढरा : कॉलेजच्या वेबसाइटवर. तेवढी ती मोबाईलवर उघडतीय का बघा आधी.