न्या. छागला: चीफ जस्टिस ते मंत्री, हे योग्य होतं का? (डिबेटसाठी मदत हवी)

लॉ_ला_लागलेली

नमस्कार मंडळी. एलएलबी सेकंड इयरला आहे, मुंबईत. कॉलेजात डिबेट आहे, 'न्यायाधीशांनी राजकारणात जावं का', आणि माझ्या वाट्याला 'जाऊ नये' ही बाजू आलीये. सगळे माजी सरन्यायाधीश गोगोई नि कलकत्ता हायकोर्टाचे गंगोपाध्याय हीच दोन नावं घेऊन येणार हे उघड आहे. एक २०१९ च्या नोव्हेंबरात रिटायर नि २०२० च्या मार्चमध्ये राज्यसभेत, दुसरे तर २०२४ च्या मार्चमध्ये हायकोर्टाचा राजीनामा देऊन लगेच भाजपात आणि जूनमध्ये तमलूकचे खासदार. आमचे सर म्हणाले ही दोन सोड, एम. सी. छागला वाच. आम्हाला छागला म्हणजे नरसू आप्पा माळी केस, १९५१, पर्सनल लॉ आणि कलम १३ (पर्सनल लॉ मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येतो का), परीक्षेला हमखास येणारा प्रश्न, बास. आता बघते तर हा माणूस ११ वर्षं मुंबई हायकोर्टाचा चीफ जस्टिस, मग अमेरिकेत राजदूत, मग केंद्रात मंत्री! तेव्हा कोणी काही बोललं नाही का? आणि हेच आज कोणी केलं तर आपण शिव्या घालतो, मग जुने वकील छागलांचं नाव काढलं की एवढे आदराने का बोलतात?

जुनी_सनद

अगं बोलले की, चांगले बोलले, पण त्याच्याकडे नंतर येतो. आधी आदर कशाचा ते सांगतो.

मोहम्मदअली करीम छागला, जन्म १९०० चा, मुंबईचेच, खोजा कुटुंब, झेवियर्स, मग ऑक्सफर्ड, १९२२ ला बॅरिस्टर होऊन परत. आल्यावर बसले कोणाच्या चेंबरमध्ये तर जिनांच्या. तेव्हाचे जिना वेगळे होते हे लक्षात घे, १९१६ साली लोकमान्यांच्या जामिनाच्या केसमध्ये हायकोर्टात टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले जिना. छागला त्यांच्याबरोबर मुस्लिम लीगचं कामही करायचे. १९२८ ला नेहरू रिपोर्ट (भारताच्या राज्यघटनेचा आराखडा) आला तेव्हा जिना परदेशात होते, छागलांनी लीगच्या वतीने तो मान्य करून टाकला आणि साहेब परत आल्यावर जे काय वाजलं ते वाजलं. तिथून वाटा फुटल्या. मधे काही वर्षं गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवलं, आंबेडकरही त्याच सुमारास तिथे शिकवत होते. १९४१ ला जज आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून चीफ जस्टिस.

जज म्हणून ख्याती अशी की वकिलांचं बोलणं संपलं की तिथल्या तिथे, भर कोर्टात, स्टेनोला निकाल सांगायला सुरुवात. हल्ली निकाल राखून ठेवला की पक्षकार म्हातारा होतो, त्या मानाने बघ. १९५० मध्ये मोरारजींच्या लाडक्या दारूबंदी कायद्यातली बरीच कलमं या हायकोर्टाने उडवली, बालसारा केस, पुढे सुप्रीम कोर्टाने त्यातली काही परत बसवली. तू म्हणतेस ती नरसू आप्पाची केस छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या बेंचची. मला विचारशील तर त्या निकालावर टीका करायला भरपूर वाव आहे आणि ती गेली सत्तर वर्षं चालूच आहे, पण तो वेगळा धागा होईल.

आणि एक गोष्ट मात्र स्वतः जाऊन बघ. हायकोर्टात सेंट्रल कोर्टाच्या बाहेर, ४६ नंबर, भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे. १९०८ ला न्या. दावरांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली ती याच खोलीत, आणि ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे असं टिळक जे बोलले ते शब्द त्या पाटीवर आहेत. ती पाटी छागलांनी १४ जुलै १९५६ ला बसवली. आपल्याच कोर्टाच्या भिंतीवर, आपल्याच कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसाचे शब्द चीफ जस्टिस लावतो, आणि वर भाषणात प्रायश्चित्ताची भाषा करतो! साल बघ, १९५६. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलेलं, जानेवारीत गोळीबार झालेले. पुढे तीन महिन्यांनी हेच हंगामी राज्यपाल झाले, त्यामुळे १ नोव्हेंबरला द्विभाषिक राज्य आलं आणि यशवंतराव मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यपालाच्या खुर्चीत छागलाच होते.

उलटतपासणी

काकांनी आरती छान म्हटली, आता डिबेटचं मटेरियल घे.

१९५५ साली स्वतंत्र भारताचा पहिला लॉ कमिशन नेमला, अध्यक्ष अ‍ॅटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड, आणि सदस्यांत आपले छागला. या कमिशनचा चौदावा रिपोर्ट १९५८ चा, न्यायव्यवस्थेच्या सुधारणेवरचा. त्यात स्पष्ट मत दिलंय की जजने निवृत्तीनंतर सरकारी पदाकडे डोळे लावून बसणं किंवा ते घेणं बरं नाही, स्वातंत्र्याला बाधा येते. एकमताने. आणि त्याच वर्षी, त्याच १९५८ मध्ये, त्याच रिपोर्टचे एक सदस्य चीफ जस्टिसपद सोडून वॉशिंग्टनला राजदूत म्हणून निघाले! तेही रिटायरमेंटला दोन वर्षं असताना, तेव्हा हायकोर्टाचं वय ६० होतं. सेटलवाडांनी आत्मचरित्रात यावर जे लिहिलंय ते वाच, सभ्य माणसाने सभ्य भाषेत जेवढं झोडपता येतं तेवढं झोडपलंय. या माणसाला राजकारणात जायची घाई झाली होती असाच एकूण सूर.

म्हणजे 'कोणी बोललं नाही का' याचं उत्तर हे, की त्यांच्याच बरोबर बसून रिपोर्ट लिहिणारा माणूस बोलला. समोरच्याने गंगोपाध्याय काढले तर तू हे काढ, कारण गंगोपाध्यायांनी निदान 'जाऊ नये' अशा रिपोर्टवर सही तरी केलेली नव्हती.

लॉ_ला_लागलेली

बापरे 😳 हे सोनंच आहे. पण मग समोरची टीम मुंधरा काढेल ना? सरांनी तेही नाव घेतलं होतं, मी नीट वाचलं नाहीये अजून.

जुनी_सनद

काढणारच, आणि काढायलाच हवं. उलटतपासणीवाल्यांनी सोयीस्करपणे तेवढं गाळलं.

एलआयसी १९५६ ला झाली. वर्षभरात, जून १९५७ ला, एलआयसीने हरिदास मुंधरा नावाच्या कलकत्त्याच्या सटोडियाच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर उचलले, तेही आपल्याच इन्व्हेस्टमेंट कमिटीला न विचारता. डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत हे बाहेर काढलं, सासऱ्याचं सरकार असताना. नेहरूंनी छागलांचा एकसदस्यीय आयोग नेमला, आणि या माणसाने काय करावं, तर सगळी चौकशी मुंबईत, उघड्यावर. गर्दी आत मावेना म्हणून बाहेर लाउडस्पीकर लावले होते. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी, सचिव एच. एम. पटेल, एलआयसीचे साहेब, एकेकाला साक्षीला बोलावलं आणि लोक रस्त्यावर उभं राहून ऐकतायत. अर्थमंत्र्याचं म्हणणं होतं मला माहीत नव्हतं, सचिवाने परस्पर केलं. छागलांनी सांगितलं की सचिवाने केलं तरी जबाबदारी मंत्र्याचीच, हात झटकता येणार नाहीत. जानेवारीत काम सुरू, फेब्रुवारीत रिपोर्ट हातात, त्याच महिन्यात टीटीकेंचा राजीनामा. आता आयोग म्हटलं की किती मुदतवाढी मिळतात ते तुला माहीतच आहे.

तर मुद्दा असा की नेहरूंचा अर्थमंत्री घालवणाऱ्या माणसाला नेहरूंनी त्याच वर्षी राजदूत केलं. याला कोणी बक्षिसी म्हणत असेल तर ती कशाची? मर्जी सांभाळल्याची तर नक्कीच नाही.

उलटतपासणी

काका, तुमच्या वाक्यातच माझा पॉइंट आहे. छागला विकले गेले असं मी म्हणतच नाहीये. उद्या दुसरा एखादा जज, ज्याला छागलांचा कणा नाही, तो सरकारच्या सोयीचा निकाल देईल आणि नंतर पद मिळालं की म्हणेल छागलांनी नाही का घेतलं. चांगल्या माणसाने पाडलेला पायंडा वाईट माणसाला सगळ्यात जास्त कामाला येतो. आणि गंमत अशी की मुंधरा चौकशीत आयोगाला मदत करायला अ‍ॅटर्नी जनरल म्हणून उभे होते तेच सेटलवाड. म्हणजे छागलांचं मोठेपण त्यांनी समोर उभं राहून बघितलं होतं, आणि तरीही राजदूतपद त्यांना खटकलं.

दमणगंगा_किनारी

मी वापीचा, मराठी शाळेत शिकलेला, आमच्याकडे छागला वेगळ्याच कारणाने माहीत आहेत म्हणून मधे तोंड घालतो. दादरा नगर हवेली १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मोकळं झालं, त्यात पुण्यामुंबईची पोरं होती, सुधीर फडकेसुद्धा होते हे सगळ्यांना माहीतच असेल. पोर्तुगालने नंतर हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात भारतावर केस ठोकली, की आम्हाला दमणहून सिल्वासाला जायचा रस्त्याचा हक्क आहे आणि भारत अडवतोय. अशा केसमध्ये दोन्ही देशांना आपला एकेक जज तेवढ्या केसपुरता बसवता येतो, तर भारताने बसवले छागला. निकाल एप्रिल १९६० ला. कोर्टाने म्हटलं, सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जायचा हक्क पोर्तुगालला होता, पण सैन्य, पोलीस, हत्यारं यांना नाही, आणि भारताने काही नियमभंग केलेला नाही. छागलांनी वेगळं, असहमतीचं मतपत्र लिहिलं, पोर्तुगालला तेवढाही हक्क नव्हता असं. पुढे १९६१ ला गोवा-दमणच सुटलं आणि विषय संपला.

आता तुमच्या वादासाठी यातली मजा बघा. निकाल लागला तेव्हा हे भारताचे अमेरिकेतले राजदूत होते आणि हेगला जजही होते! एकाच वेळी सरकारचा नोकर आणि न्यायाधीश. आम्हा लोकांना तेव्हा ते आपल्या बाजूचे म्हणून कोणाला खटकलं नसेल, पण ताई तुमच्या बाजूला हे चालून जाईल बघा.

सदाशिवपेठी_नाही

मंत्री म्हणून काय केलं ते कोणीच सांगेना, मी सांगतो. १९६३ च्या नोव्हेंबरात शिक्षणमंत्री. शिक्षणावरचं कोठारी कमिशन त्यांच्या काळातलं, १९६४. त्याच वर्षी काश्मीरवर सुरक्षा परिषदेत भुट्टोंच्या समोर भारताची बाजू मांडायला यांनाच पाठवलं. १९६५ ला अलिगढ विद्यापीठात कुलगुरू अली यावर जंग यांना विद्यार्थ्यांनी मारहाण केली (हे नंतर आपले राज्यपाल झाले, बांद्र्याची कर्णबधिरांची संस्था त्यांच्याच नावाची), तेव्हा छागलांनी विद्यापीठाचा कायदाच बदलून कारभार सरकारच्या हाताखाली आणला. मुसलमान पुढाऱ्यांनी त्यांना काय काय म्हटलं असेल कल्पना करा. त्यातूनच अझीझ बाशा केस निघाली (अलिगढ ही अल्पसंख्याकांची संस्था आहे का), ती १९६७ ची, आणि ती सुप्रीम कोर्टाने थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये ४-३ ने फिरवली. म्हणजे यांचं एक भांडण साठ वर्षं कोर्टात फिरतंय.

मग १९६६ च्या नोव्हेंबरपासून परराष्ट्रमंत्री, आणि सप्टेंबर १९६७ ला राजीनामा. कशावरून? परराष्ट्र धोरणावरून नाहीच, भाषेवरून! सरकारने ठरवलं की थोड्या वर्षांत सगळ्या विद्यापीठांत प्रादेशिक भाषेतून उच्च शिक्षण, हे म्हणाले ही घाई आहे, विद्यापीठं एकमेकांपासून तुटतील, देश तुटेल. दिलं पद सोडून. मराठीवाला म्हणून मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं नसतं आणि आजही पटत नाही, पण स्वतःच्या खात्याचा विषय नसताना परराष्ट्रमंत्रिपद सोडणारा माणूस मला दुसरा दाखवा.

लॉ_ला_लागलेली

सगळ्यांना खूप थँक्यू, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी ठरवलंय की छागलांना व्हिलन करायचं नाही, उलटतपासणी दादांचा पायंड्याचा मुद्दा घ्यायचा, सुरुवात चौदाव्या रिपोर्टपासून, मग हेग. मुंधरा मी स्वतःच आधी काढणार म्हणजे समोरच्यांच्या हातात काही उरणार नाही 😄 एकच विचारायचंय, ते निवडणुकीला कधी उभे राहिले होते का? आणि नंतर काय केलं?

जुनी_सनद

लोकसभेला नाही, राज्यसभेतूनच मंत्री, तिथे सभागृहनेतेही होते. पद सोडल्यावर परत काळा कोट चढवला, सुप्रीम कोर्टात प्रॅक्टिस. आणीबाणीत, ऑक्टोबर १९७५ ला, अहमदाबादला नागरी स्वातंत्र्याची परिषद झाली तिथे पंचाहत्तरीतला हा गृहस्थ इंदिराबाईंच्या विरोधात उभा राहून बोलला, बरोबर आपले सासवडचे तारकुंडे होते, तेही मुंबई हायकोर्टाचे माजी जज. डिसेंबर १९८० ला बांद्रा रेक्लमेशनला भाजपचं पहिलं अधिवेशन झालं तिथे पाहुणे म्हणून आले आणि वाजपेयींना भावी पंतप्रधान म्हणून गेले. फेब्रुवारी १९८१ ला वारले. मुलगा इक्बाल छागला मोठे सीनिअर काउन्सेल होते, आणि नातू आज त्याच हायकोर्टात जज आहेत.

पाटी बघायला जाशील तेव्हा चीफ जस्टिसच्या कोर्टाबाहेर त्यांचा पुतळाही बघ. आणि डिबेट झाली की निकाल इथे टाक, राखून ठेवू नकोस.

उलटतपासणी

हरलीस तर अपील माझ्याकडे.