संग्रहासाठी आधी कोणती जुनी मोटारसायकल: मैसूरची जावा की राजदूत ३५०?

गिरगावकर: जुन्या गाडीचं मोल नुसत्या वयावर ठरत नाही. तिच्या अंगावर मूळचं किती शिल्लक आहे ते बघावं. या कसोटीवर माझ्या यादीत जावा २५० पहिली. आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून ती मैसूरला बांधली आणि १९७३ च्या सुमारास टाकीवर येझदी हे नाव आलं. किक आणि गिअरला एकच दांडी, टाकीला दोन्ही बाजूंनी क्रोम. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ते मूळ क्रोम टिकलेली गाडी मिळाली तर मी भाव करत बसणार नाही.

टूस्ट्रोकवाला: काका, मान्य नाही. जावाचे सुटे भाग आजही नवे बनतात, भंगारातूनही गाडी उभी करता येते. राजदूत ३५० चं तसं नाही. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेली ही यामाहा आरडी ३५०: दोन सिलिंडर, सहा गिअर. पेट्रोल फार पिते म्हणून लोकांनी घेतली नाही, आणि दशक संपता संपता ती बंदही झाली. उरलेल्यांतल्या कितीतरी गाड्यांचे सायलेन्सर कापले, कार्बोरेटर बदलले. सुरुवातीची, जास्त ताकदीची एचटी (हाय टॉर्क) राजदूत जशीच्या तशी सापडणं म्हणजे नशीब!

दादर_पश्चिम: पण २०२१ च्या केंद्राच्या नियमांत व्हिंटेज म्हणून नोंदणीसाठी ५० वर्षं पूर्ण लागतात, आणि गाडी मूळ रूपातही हवी. 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट आरडीला २०३३ च्या आधी नाहीच.

टूस्ट्रोकवाला: तो नियम नोंदणीचा झाला. गाडी किती हवीहवीशी आहे हे आरटीओ कसं ठरवणार? वयच बघायचं तर दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश मोटारसायकल बीएसए एम२० सगळ्यांच्या वर जाईल, पण तशा लाखाच्या वर गाड्या बनल्या होत्या, मग ती दुर्मिळ कशी?

गिरगावकर: एम२० बद्दल पटलं. सुटे भाग मिळतात म्हणून जावाची किंमत कमी होते, हे मात्र अजिबात नाही. उलट त्यामुळेच न बदललेली जावा वेगळी काढावी लागते. जुना रंग उडालेला असला तरी कृपा करून रंगवू नका, नव्या रंगाखाली गाडीचा सगळा इतिहास जातो. आणि एचटी घेताना आरसी बुकातला इंजिन नंबर क्रँककेसवरच्या (इंजिनाच्या खालच्या कवचावरच्या) नंबराशी टॉर्च मारून ताडून बघा. आकडे घासून पुन्हा ठोकलेले दिसले तर ती कितीही दुर्मिळ असो, मी घेणार नाही.