सहा हजारांच्या बेटाला वेगळं व्हायचा हक्क असतो का? (अँग्विला, १९६७)

खाडीकाठ (धागालेखक)

वेस्ट इंडिज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच क्रिकेट संघ येतो. त्यातल्या बेटांनी एकमेकांपासून सुटण्यासाठी केवढी धडपड केली, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. १९६७ साली अँग्विलाच्या लोकांनी जे केलं ते योग्यच होतं असं माझं ठाम मत आहे. 'एवढंसं बेट, कशाला हवी वेगळी चूल' हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही.

अँग्विला वाम माशासारखं लांबुळकं आहे, साधारण २६ किमी लांब आणि ५ किमी रुंद. नावाचा अर्थही वामच. तेव्हा वस्ती सहा हजारांच्या आसपास होती. १८२५ मध्ये ब्रिटिशांनी स्वतःच्या सोयीसाठी त्याचा कारभार सेंट किट्सला जोडला. मध्ये शंभरेक किलोमीटर समुद्र, वाटेत फ्रेंच आणि डच बेटं. सेंट किट्स उसाच्या मळ्यांचं आणि मळ्यांवरच्या कामगार संघटनांचं. अँग्विलात पाऊस कमी, ऊस टिकला नाही, म्हणून जमीन लहान शेतकऱ्यांकडे आली. माणसं होड्या बांधत, मीठ काढत, मासे धरत. दोन्हीकडचं राजकारण जुळणार कसं? सामाईक विधिमंडळात सेंट किट्सच्या सात जागा, त्याच्या शेजारच्या नेव्हिस बेटाच्या दोन, अँग्विलाची एक. बेटावर ना वीज, ना फोन, ना डांबरी रस्ता.

फेब्रुवारी १९६७ मध्ये ब्रिटनने तिन्ही बेटांना मिळून स्वायत्तता दिली, म्हणजे सगळी सूत्रं सेंट किट्सकडे. ३० मेला अँग्विलाकरांनी सेंट किट्सच्या पोलिसांची परत पाठवणी केली. ११ जुलैला सार्वमत झालं. वेगळं होण्याच्या बाजूने १,८१३, विरोधात ५. लोकांनी आणखी काय सांगायला हवं होतं?

दर्यावर्दी

कौल स्पष्ट होता, मान्य. पण हाती काय आलं? मार्च १९६९ मध्ये ब्रिटनने छत्रीसैनिक उतरवले. १९८० मध्ये अँग्विला अधिकृतपणे वेगळं झालं, तेही ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश म्हणूनच. तिकडे सेंट किट्स-नेव्हिस १९८३ मध्ये स्वतंत्र झालं. पन्नास हजारांच्या आसपास वस्ती, तरी संयुक्त राष्ट्रांत त्यांचं स्वतःचं मत आहे. अँग्विलात आजही लंडनहून नेमलेला गव्हर्नर बसतो.

गव्हर्नर फक्त समारंभापुरता असतो असं कुणी समजू नये. टर्क्स अँड कैकोस या ब्रिटनच्याच ताब्यातल्या बेटांवर भ्रष्टाचाराच्या आरोपांनंतर २००९ साली ब्रिटनने निवडून आलेलं सरकार बाजूला सारलं आणि २०१२ पर्यंत थेट राज्य केलं. डचांनीही २०१८ मध्ये सिंट युस्टेशियसची लोकनियुक्त परिषद बरखास्त केली, बेट तीनेक हजार वस्तीचं. मोंसेरात या ब्रिटनच्याच आणखी एका बेटाचं तर विचारूच नका. १९९५ मध्ये ज्वालामुखी जागा झाला, राजधानी प्लिमथ राखेखाली गेली, अकरा-बारा हजारांचं बेट पाच हजारांच्या खाली आलं. माणसं मदत मागत होती तेव्हा ब्रिटनच्या मंत्री क्लेअर शॉर्ट म्हणाल्या, आता हे सोन्याचे हत्ती मागतील! अशा मालकाकडे स्वखुशीने परत जाण्याला मी हक्क म्हणणार नाही.

खाडीकाठ

मोंसेरातबद्दल तुमचा संताप रास्त आहे. त्या वाक्याची चीड मलाही येते. पण मुद्दा असा की अँग्विलाकरांपुढे दोन मालक होते, एक हजारो मैलांवरचा आणि एक शेजारचा. शेजारचा आपल्यासारखाच दिसतो म्हणून तो आपला होत नाही.

आणि 'लहान म्हणजे कायमचं परावलंबी' हेही खरं नाही. वेगळा प्रदेश म्हणून अँग्विलाला इंटरनेटवर संकेतस्थळांच्या नावांच्या शेवटी लावायची 'एआय' (.ai) ही अक्षरं मिळाली. २०२३ मध्ये त्या नावांच्या विक्रीतून सरकारच्या तिजोरीत साधारण पाचवा हिस्सा आला. सेंट किट्सबरोबर राहिले असते तर ही अक्षरं त्यांच्या वाट्याला आलीच नसती.

दर्यावर्दी

याला नशीब म्हणतात. ज्या बेटाच्या वाट्याला अशी अक्षरं आली नाहीत त्याने काय करायचं? शिवाय फुटण्याला शेवट कुठे? अँग्विला गेलं, मग नेव्हिसलाही सेंट किट्सपासून वेगळं व्हायचं होतं.

माणगावकर

नेव्हिसचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. १० ऑगस्ट १९९८ च्या सार्वमतात वेगळं होण्याच्या बाजूने २,४२७ मतं पडली, विरोधात १,४९८. म्हणजे जवळपास ६२ टक्के. घटनेत अट दोन तृतीयांशांची, म्हणून नेव्हिस राहिलं. फुटीला बांध घालता येतो, आणि त्यासाठी सैनिक उतरवावे लागत नाहीत.

आपल्याकडे गोव्याचा जनमत कौल जानेवारी १९६७ चा, म्हणजे अँग्विलाच्या सार्वमताच्या सहा महिने आधीचा. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. महाराष्ट्रात अनेकांना तो निकाल जिव्हारी लागला, तरी आपण तो मानला. लहान म्हणून गोव्याचं मत कमी धरलं नाही. मग अँग्विलाचं का धरायचं?

दर्यावर्दी

गोवा भारतातच राहिला. विलीनीकरण नाकारणं वेगळं आणि जुन्या वसाहतवाल्याचा हात धरणं वेगळं. दोन्ही एका मापाने मोजू नका.

शिंपला

नावांचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते. नेव्हिस हे नाव स्पॅनिशमधल्या 'हिमाची माता' वरून आलं. शिखरावरचे ढग, हिमाचा कण नाही. मोंसेरात कॅटलोनियातल्या मठाच्या नावाचं. मूळ रहिवासी सेंट किट्सला लिआमुइगा म्हणत, म्हणजे सुपीक भूमी. अँग्विला म्हणजे मालिउहाना. नकाशावर दुसऱ्यांनी ठेवलेली नावं, सीमा दुसऱ्यांनी आखलेल्या, जोड्याही दुसऱ्यांनीच लावलेल्या. त्या जोड्या मोडल्या म्हणून तिथल्या लोकांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

पण धागालेखकांनाही एक विचारायचं आहे. बार्बुडाचं काय? सोळाशेच्या आसपास माणसांचं बेट, अँटिग्वा या मोठ्या बेटाबरोबर एकाच देशात जोडलेलं. प्रतिनिधिगृहाच्या १७ निवडून द्यायच्या जागांपैकी त्यांची एक. १९८१ च्या स्वातंत्र्याआधी त्यांनी वेगळं होऊ द्या म्हणून मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. तिथली जमीन सगळ्यांची सामाईक, २००७ च्या कायद्यानेही तेच म्हटलं होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने घरं उद्ध्वस्त केली, सगळ्यांना अँटिग्वाला हलवलं. लोक परतायच्या आत नव्या विमानतळासाठी जमीन खणायला सुरुवात झाली, पाठोपाठ जमिनीचा कायदाही बदलला गेला. मतं मोजून न्याय मिळतो म्हणता, पण इथे मोजायची संधीच दिली गेली नाही.

खाडीकाठ

शिंपला, बार्बुडाने मागितलं होतं तेच अँग्विलाने चौदा वर्षं आधी मागितलं होतं. फरक एवढाच की अँग्विलाने पोलिसांना घालवून दिलं आणि बार्बुडाने अर्ज केला. दर्यावर्दी, तुमचं उत्तर मला याच्यावर हवंय: बार्बुडाने अर्जाऐवजी काय करायला हवं होतं?