बायोडाट्यात ‘सीएनसी सेटर’ लिहावं का? भाच्यासाठी मदत हवी आहे

खानापूररोड:
भाचा आयटीआय टर्नर, एनसीव्हीटी पास. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका जॉब शॉपमध्ये दोन वर्षं फनुक कंट्रोलच्या टर्निंग सेंटरवर (संगणकावर चालणारी लेथ, म्हणजे सीएनसी) ऑपरेटर आहे, ठेकेदारामार्फत. जॉब लावणं-काढणं, मापं घेणं, वेअर ऑफसेट (टूल झिजलं की मापात करायची दुरुस्ती) देणं, इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) बदलणं एकट्यानं करतो. सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवणं, मात्र सेटरच्या हाताखाली.

आता हत्तरगीकडे विमानाचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत अर्ज करतोय. जाहिरातीत आहे: सेटर-कम-ऑपरेटर, तीन वर्षं अनुभव, प्रोग्रॅमिंगची माहिती, कन्नड लिहिता-वाचता यायला हवं. मित्र म्हणतात, सगळेच फुगवून लिहितात, खरं लिहिलंस तर बोलावणंच येणार नाही. म्हणजे ‘सेटर’, ‘तीन वर्षं’ आणि ‘कन्नड उत्तम’ अशा तिन्ही ठिकाणी हात मारायचा विचार चाललाय. यातलं किती चालतं, आणि कुठून खोटं सुरू होतं? जाणकारांनी सांगा की.

टूलपोस्ट:
‘सेटर’ लिहू नये. तो शब्द वाचून सुपरवायझर रात्रपाळीला मशीन त्याच्या एकट्याच्या ताब्यात देईल. टूलचा भूमिती ऑफसेट (टूलच्या टोकाची जागा) चुकला तर रॅपिडमध्ये, म्हणजे वेगानं सरकताना, टूल धरणारा टरेट सरळ जॉब धरणाऱ्या चकवर जातो. त्यात इन्सर्ट, होल्डर तर जातातच, पण टरेटचं अलाइनमेंट हललं की ते जुळवेपर्यंत मशीन बंद. चकच्या जॉनी नीट न धरल्यामुळे फिरता जॉब सुटला, तर शेजारी उभ्या असलेल्यानं तो बायोडाटा लिहिलेला नसतो.

शिवाय ट्रायलला हे लपत नाही. साधारण असं करून घेतात: ड्रॉइंग वाचायला देतात, सॉफ्ट जॉ बोअर करायला लावतात, बोअरिंग बारची सेंटर हाइट बघतात, मग टूल टच करून ऑफसेट घ्यायला सांगतात. पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमच्या एकेका ओळीला थांबत), रॅपिड ओव्हरराइड २५ टक्क्यांवर, बाहेरच्या व्यासाला वेअरमध्ये X (व्यासाची दिशा) थोडा प्लस ठेवून काढायचा. मग माप घेऊन दुरुस्ती. जी ५० ची स्पीड मर्यादा न बघता जी ९६ (व्यास बदलेल तसा स्पिंडलचा वेग बदलणारा कोड) चालू केलं, तर फेसिंगला टूल मध्याकडे जाईल तसा स्पिंडल चढत जातो. पोरानं ही मर्यादा न सांगता बघितली की परीक्षकाला माणूस कळतो.

प्रश्नही ठरलेले असतात. बोअर लहान आलं तर X वेअर प्लस की मायनस? (प्लस.) वेअरमध्ये आधीच −०.०५ आहे आणि अजून −०.०३ द्यायचंय, तर ‘इनपुट’ दाबायचं की ‘+इनपुट’? (‘+इनपुट’.) ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा पुसला जातो, जॉब उलट ०.०२ नं मोठा येतो.

तिसरा सापळा मापाचा. व्यास २५ एच ६ (लहान h, मापाच्या हद्दींचा दर्जा) शाफ्ट म्हणजे २५.००० ते २४.९८७. २५.०३ आलं म्हणून −०.०३ दिलं तर जॉब वरच्या हद्दीला टेकतो. मधोमध आणायला −०.०३६ च्या आसपास लागतं. आणि मुख्य म्हणजे १३ मायक्रॉनची पट्टी ०.०१ लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरवर तपासता येत नाही, एक मायक्रॉन वाचणारा लागतो. ‘प्रिसिजन मेजरिंगचा अनुभव’ लिहिणारे पुष्कळ इथेच अडकतात.

हजेरीपत्रक:
अनुभवाच्या वर्षांबद्दल. यूएएनच्या (पीएफचा कायमचा नंबर) सर्व्हिस हिस्टरीत कोणत्या आस्थापनेकडे कधी लागला, कधी सुटला हे दिसतं. मोठ्या कंपन्या पडताळणीत तेच मागतात, त्यामुळे दोनाची तीन करू नका.

खरी गोची ठेकेदाराची. पीएफ ठेकेदाराच्या नावावर निघतो आणि बायोडाट्यात कारखान्याचं नाव असतं. खरं बोलणाऱ्याचंही तिथे जुळत नाही. म्हणून सरळ लिहावं: ‘अमुक ठेकेदारामार्फत, अमुक कारखान्यात, टर्निंग विभाग’. ठेकेदाराकडून तारखा घातलेलं पत्र घ्या, पगारपत्रकं जपा.

आणि विकतचं अनुभवपत्र अजिबात नको. बायोडाट्यातली बढाई वेगळी आणि बनावट कागद वेगळा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बनावट दस्तऐवज करणं कलम ३३६ मध्ये आणि तो खरा म्हणून वापरणं कलम ३४० मध्ये येतं.

एक विचारतो: आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप केली होती का? १९६१ च्या कायद्याखालच्या अप्रेंटिसचा पीएफ कापत नाहीत, म्हणून ते वर्ष यूएएनमध्ये दिसत नाही. पोरं ते लिहायचंच विसरतात.

खानापूररोड:
केली होती, एक वर्ष. एनएसीचं, म्हणजे अप्रेंटिसशिप पूर्ण केल्याचं, सर्टिफिकेट घरी आहे. ते अनुभवात धरायचं असतं हे माहीतच नव्हतं.

हजेरीपत्रक:
नोकरीच्या दोन वर्षांत मिसळू नका. ‘अप्रेंटिस: १ वर्ष, ऑपरेटर: २ वर्षं’ अशा दोन ओळी करा. तीन म्हणून धरायची की नाही हे कंपनी ठरवेल.

घाटप्रभा_लाइन:
पण जाहिरात तरी कुठे खरी असते? सेटिंग पाहिजे, प्रोग्रॅमिंग पाहिजे, आणि पगार ऑपरेटरचा. तिकडून फुगवलेलं चालतं आणि पोरानं मात्र मोजून मापून लिहायचं?

टूलपोस्ट:
तक्रार रास्त आहे. पण त्यावरचा उपाय वेगळा. सगळ्या अटी पुऱ्या होत नसताना अर्ज करणं हे खोटं नाही, बिनधास्त करावा. न येणारं येतं म्हणून लिहिणं खोटं. प्रोग्रॅमिंगचंही तसंच. जी ७१, जी ७०, जी ७६ (टर्निंगचे आणि आटे कापायचे कोड) वाचून काय चाललंय ते कळत असेल तर ‘प्रोग्रॅम वाचता येतो, किरकोळ बदल करता येतात’ लिहा. कोऱ्या पानावर लिहिता येत असेल तरच ‘प्रोग्रॅमिंग’.

मलप्रभाकाठ:
कन्नडबद्दल (सीमाप्रश्न इथे नको, वेगळा धागा काढा). ‘उत्तम’ लिहू नका, बोलणं, वाचणं, लिहिणं वेगळं करा. आपल्याकडची बरीच पोरं बोलतात फाडफाड, पण लिहायला बसवलं की जोडाक्षरात अडकतात. शॉपमध्ये लागतं ते दोन ठिकाणी. एक, फलक: ‘अपाय’ (धोका), ‘मुट्टबेडी’ (हात लावू नका) आणि त्याखालचा बारीक मजकूर. दोन, पाळी बदलताना वहीत लिहायच्या चार ओळी: मशीन नंबर, कोणता इन्सर्ट बदलला, कोणता ऑफसेट हलवला, कुठलं माप हद्दीला आलंय. या चार ओळी रोज रात्री कन्नडमध्ये लिहून एखाद्या कन्नड शाळेत शिकलेल्याकडून तपासून घ्या. शब्द तेच तेच असतात, लवकर जमतं.

खानापूररोड:
असं केलंय, बघा:
‘सीएनसी टर्निंग ऑपरेटर, २ वर्षं (ठेकेदारामार्फत). अप्रेंटिस १ वर्ष. वेअर ऑफसेट, इन्सर्ट बदल, तपासणी: स्वतंत्रपणे. सेटिंगमध्ये मदत. प्रोग्रॅम वाचता येतो. कन्नड: बोलणं चांगलं, वाचणं सावकाश, लिहिणं शिकतोय.’

टूलपोस्ट:
‘सेटिंगमध्ये मदत’ काढा, त्यातून काही कळत नाही. ‘सेटरच्या देखरेखीखाली सॉफ्ट जॉ बोअरिंग व टूल ऑफसेट’ लिहा, जर खरंच केलं असेल तर. कंट्रोलचं नाव घाला. कास्टिंग की बारस्टॉक, कोणतं मटेरियल, सगळ्यात घट्ट टॉलरन्स किती सांभाळला, हेही एका ओळीत. विमानाच्या भागांना ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम येतं. बीडाच्या जॉबवरचे कटिंग स्पीड तिथे सांगत बसू नये, विचारलं तर ‘केलेलं नाही’ म्हणावं.

ट्रायलला सेफ्टी शूज घालून जाऊ दे. हातात दिलेला मायक्रोमीटर आधी पुसून शून्य तपासायचा, मगच जॉबला लावायचा.