तेरड्याचे फूल, १२ फोटो आणि मधले धूसर पट्टे

प्रश्न:
गौरीसाठी आणलेल्या तेरड्याचे एक फूल मी १०० मिमी मॅक्रो लेन्सने, ट्रायपॉडवरून, १:१ प्रमाणात (सेन्सरवर फूल जितके आहे तितकेच उमटेल असे) टिपले. पुढच्या पाकळीपासून मागच्या सोंडेपर्यंत त्याची खोली साधारण १५ मिमी भरते. सगळी खोली स्पष्ट यावी म्हणून लेन्सचे छिद्र एफ ८ ठेवून (आकडा मोठा तितके छिद्र बारीक), फोकसची रिंग थोडी थोडी फिरवत १२ फोटो काढले आणि फोटोशॉपमध्ये ऑटो-अलाइन (आपोआप जुळवणी) व ऑटो-ब्लेंड (स्पष्ट भाग निवडून मिसळणी) करून एकत्र केले. पाकळी आणि सोंड रेखीव आली. मात्र मधे धूसर पट्टे राहिले असून पाकळीच्या कडेला पांढुरकी झालर दिसते. एफ २२ वर एकाच फोटोत काम भागले असते का?

प्रतिसाद १:
नाही. फुलफ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यात १:१ ला एफ २२ वरही जेमतेम अडीच मिमी भाग स्पष्ट येतो, आणि त्या प्रमाणात छिद्र प्रत्यक्षात एफ ४४ सारखे वागत असल्याने विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) तोही मऊ पडतो. आपला मार्ग बरोबर आहे, फोटो कमी पडले. एफ ८ ला स्पष्टतेची पट्टी सुमारे १ मिमी असते. १५ मिमीत १२ फोटो म्हणजे दर पाऊल सव्वा मिमीहून मोठे, आणि जो भाग एकाही फोटोत स्पष्ट नाही तो सॉफ्टवेअर आणणार कुठून? पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढल्या पाहिजेत, म्हणून ०.७ मिमीचे पाऊल धरून २३ फोटो काढावेत. पंखा बंद ठेवावा. मी एकदा विसरलो होतो.

प्रतिसाद २:
झालरीचे कारण निराळे आहे. सोंडेवर फोकस असताना पुढची पाकळी फुगून पसरते आणि कडेलगतची मागची जागा झाकते, त्यामुळे फोटो कितीही वाढवले तरी ती जागा स्वच्छ मिळत नाही. असे फोटो एकत्र करणाऱ्या झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमधील पीमॅक्स पद्धत कडा चांगल्या सांभाळते, पण ग्रेन (दाणेदारपणा) वाढवते. त्यातलीच दुसरी पद्धत डीमॅप रंग-पोत राखते, पण कडांवर चुकते. मी डीमॅपच्या चित्रावर कडांपुरते पीमॅक्स हाताने रंगवतो.

प्रतिसाद ३:
विकतचे सॉफ्टवेअर नको असल्यास ह्यूजिन या मोफत पॅनोरमा-सॉफ्टवेअरसोबत येणारे, फोटो मिसळणारे एन्फ्यूज वापरून पाहावे. त्यात एक्स्पोजर व सॅच्युरेशनचे वजन शून्य, कॉन्ट्रास्टचे एक, आणि हार्ड मास्क (प्रत्येक जागी सर्वांत स्पष्ट फोटोच घेणारी सोय) चालू ठेवावा; हार्ड मास्क लावायचा राहून गेला तर सगळेच दुधाळ दिसते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. २३ फोटोंत पट्टे गेले, झालर रंगवून काढतो आहे. मात्र अठराव्या फोटोपर्यंत फुलाने मान टाकायला सुरुवात केली होती, त्यामुळे सोंडेची कड दुहेरी आली.

प्रतिसाद १:
देठ ओल्या कापसात ठेवावा आणि सोंडेपासून सुरुवात करावी.