इन्सुलिन घ्यायला मोटिव्हेशन कशाला हवं?

कोपरीची_मुलगी:
परवा एका साखरपुड्यात पंगतीत बसायच्या आधी इन्सुलिनचं पेन काढलं तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई गं, रोज हे करायला एवढं मोटिव्हेशन आणतेस कुठून?" (साखरपुड्यात शुगरचा विषय, असो.) मला टाइप वन डायबिटीस आहे, ११ वर्षं झाली, दिवसाला ४ सुया, ३ जेवणांआधी आणि रात्री एक लाँग ॲक्टिंगची (दिवसभर हळूहळू काम करणाऱ्या इन्सुलिनची), म्हणजे १६ हजारांच्या वर टोचून झाल्या. माझं सरळ मत आहे की मोटिव्हेशन हा शब्द जिमवाल्यांना ठेवा. माझं शरीर इन्सुलिन बनवतच नाही मग त्यात इच्छा असण्या-नसण्याचा प्रश्न येतोच कुठे, चप्पल घालताना कोणी विचारतं का आज मूड आहे का म्हणून? मूडवर सोडलं की एक दिवस बुडणारच. रात्रीचं पेन ब्रशच्या मगाशेजारी, दुपारचं पिशवीत डब्याच्या वर, ते बाजूला केल्याशिवाय ऐरोलीच्या ऑफिसात माझा डबा उघडतच नाही. विषय संपला. पटत नसेल तर बोला.

जुना_नेरूळकर:
नाही पटलं. तुझी ११ झालीत, माझी २४. मीपण असंच ठणकावून बोलायचो. मग एक वर्ष असं गेलं की सुई एकही चुकली नाही आणि तरी सगळं बिघडलं, कारण हात आपोआप टोचत होता पण डोकं कंटाळलं होतं. शुगर तपासणं बंद, युनिट अंदाजपंचे, आणि पोटावर एकाच जागी टोचायचो कारण तिथे दुखायचं नाही. दुखत नव्हतं कारण तिथे गाठ झाली होती, आणि गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही, कधी शुगर ३०० कधी एकदम ६०. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी HbA1c १० टक्क्यांच्या वर गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले याला बर्नआउट म्हणतात. तर तुझ्या सवयीनेच मला बुडवलं, ताई. बाहेर आलो ते एका टाइप वनवाल्या मित्रामुळे, दर रविवारी नेरूळच्या ज्वेल पार्कात एक फेरी मारतो आणि दोघं आपापले आकडे एकमेकांना दाखवतो. तेवढ्यासाठी आठवडाभर तपासलं जातं. याला तू काय म्हणशील?

कोपरीची_मुलगी:
याला मी रविवारची सवय म्हणीन 😄 पण गाठीचं खरंय, मीपण मधे जागा बदलून मांडीवर टोचायचा आळस करत होते.

खारघरची_आई:
तुम्ही दोघं मोठी माणसं आहात. माझा मुलगा ९ वर्षांचा, त्याला चप्पलेचं उदाहरण देऊन बघा. आम्ही फ्रिजवर तक्ता लावला होता, शुगर चांगली आली की एक स्टार, दहा स्टारला सेंट्रल पार्कात सायकल. पहिला महिना मस्त. मग एक दिवस म्हणाला १२६ आली, मी सहज मीटरची मेमरी बघितली तर २६८. खोटं बोलला तो, आणि चूक माझी होती, कारण आकडा काही त्याच्या हातात नसतो, सर्दी झाली तरी वर जातो. आता स्टार तपासल्याबद्दल आणि सुई घेतल्याबद्दल, आकडा काहीही येऊ दे. तेव्हापासून मीटर लपवत नाही. त्यामुळे मोटिव्हेशन नकोच म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, पण कशाला बक्षीस देतोय ते बघावं लागतं.

घोडबंदर_रोड:
एक वेगळा प्रश्न, पेन दिवसभर बाहेर ठेवता? खराब नाही होत?

कोपरीची_मुलगी:
चालू असलेलं पेन बहुतेक ४ आठवडे बाहेर चालतं, कागदावर लिहिलेलं असतं ते बघ. न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण फ्रीझरच्या जवळ नको, गोठलं की फेकायचं. ठाण्यातल्या मे महिन्यात मी थंड पाऊच वापरते, उन्हात गाडीत तर अजिबात ठेवत नाही.

वाशीचे_काका:
मी ६३, टाइप टू. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, बाटली आणि सिरिंज, सकाळी २० युनिट. शेजारी म्हणतात इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, कारल्याचा रस घ्या. खरं सांगू का, मनच उठलंय. दोन महिने घेतोय तरी फास्टिंग २५० च्या खाली येत नाही, मग टोचायचं कशासाठी?

जुना_नेरूळकर:
काका, शेवटची पायरी वगैरे काही नाही, वर्षानुवर्षं शरीरातलं इन्सुलिन कमी होत जातं मग बाहेरून द्यावं लागतं, एवढंच. पण एक बघा, बाटलीवर ४० लिहिलंय का १००, म्हणजे एका मिलीत किती युनिट? आणि सिरिंजची टोपी कुठल्या रंगाची?

वाशीचे_काका:
बाटलीवर ४०. टोपी नारिंगी. मेडिकलवाल्याने दिली तीच वापरतो.

जुना_नेरूळकर:
काका!! नारिंगी १०० ची असते, ४० च्या बाटलीला लाल टोपीवाली लागते. नारिंगीवर २० च्या खुणेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात ८ युनिटच जातात. पण आज लाल आणून पूर्ण २० टोचू नका हं, दोन महिन्यांत डोस वाढवला असेल तर शुगर धाडकन खाली येईल. आधी डॉक्टरांना फोन करा.

कोपरीची_मुलगी:
बघा! मोटिव्हेशनचा प्रॉब्लेम नव्हताच, टोपीचा होता. मी जिंकले.

खारघरची_आई:
काकांचं मन उठलं म्हणून ते बोलले तरी, नाहीतर वर्षभर ८ च घेत राहिले असते. तू कसली जिंकलीस?

वाशीचे_काका:
डॉक्टरांशी बोललो. उद्या सकाळी बाटली, सिरिंज सगळं घेऊन या म्हणाले, आणि ओरडलेही थोडं. डोस खरंच वाढवला होता, सुरुवातीला १४ होता. मिसेसने कारल्याचा रस काढून ठेवलाय, तो काय करू?

कोपरीची_मुलगी:
काकूंना द्या 😄