मदत हवी आहे: मेरी बार्बरवरच्या लेखात ‘बेली’, ‘शेरीफ’ आणि ‘फॅक्टर’ला मराठीत काय म्हणावं?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या गोवन भागातल्या भाडेकरूंच्या नेत्या मेरी बार्बर (१८७५–१९५८) यांच्यावर मराठीत नोंद तयार होते आहे. तीन शब्द अडलेत.

पहिला फॅक्टर. १९१५ मध्ये वाढीव घरभाडं न देण्याचं ‘भाडेबंद’ आंदोलन बार्बर यांच्या पुढाकाराने झालं; त्यात बायका घंटा वाजवून जिन्यात जमायच्या आणि जप्तीला आलेल्यांना अडवायच्या. फॅक्टर म्हणजे घरमालकाच्या वतीने भाडं वसूल करणारा, ‘घटक’ नव्हे! ‘मालकाचा कारभारी’ चालेल का?

दुसरा शेरीफ. १७ नोव्हेंबर १९१५ ला भाडं थकवलेल्या कामगारांना शेरीफ कोर्टात बोलावलं, बाहेर हजारो लोक जमले आणि त्याच वर्षी घरभाडं ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवणारा कायदा झाला. स्कॉटलंडचा शेरीफ हा न्यायाधीश. आपल्याकडे मुंबईच्या शेरीफला ‘नगरपाल’ म्हणतात, पण ते मानाचं पद. तो शब्द घेतला तर खटला चालवला कोणी, हेच वाचकाला कळणार नाही.

खरी अडचण बेलीची. १९२० मध्ये फेअरफील्ड प्रभागातून त्या नगरसेविका झाल्या, पुढे ग्लासगोच्या पहिल्या महिला बेलींपैकी एक. बेली हा नगरसेवकांतूनच निवडला जाई आणि शहराच्या फौजदारी न्यायालयात किरकोळ गुन्ह्यांचे खटले चालवी. ‘बेलीफ’ लिहिलं तर जप्ती आणणारा होतो, म्हणजे अर्थ थेट उलटा. ‘दंडाधिकारी’ म्हटलं तर निवडून आल्याचा भाग गळतो. ‘नगरसेवक-दंडाधिकारी’ फार बोजड वाटतं का? याहून बरा, कुठे छापलेला शब्द माहीत असेल तर सांगा.